आधी हिरड्या बघा

‘डॉक्टरताई, आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. इमारतीशेजारी बांधकाम चालू आहे. तिथली कुत्री घोडबंदर रोडवर गाडीखाली आली. तिचं एक पिल्लू आमच्या वॉचमनना सिमेंटच्या पोत्यांमागे सापडलं, ते आम्ही घरी आणलं. वय सात-आठ आठवडे असेल. मुलीनं नाव ठेवलं भुऱ्या. पाच दिवस झाले, पिशवीचं दूध आणि त्यात भिजवलेली बिस्किटं देतोय. परवापासून त्याला पातळ शी होतेय. काल सात-आठ वेळा झाली, आज सकाळी एक उलटीही झाली. सासूबाई म्हणतात जायफळ उगाळून चाटवू या. ह्यांनी जुलाब थांबवायची गोळी आणून ठेवलीय. शेजारच्या काकू म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप बरं होतं. अंग भरतं म्हणून मी दर वेळी अंघोळ घालते. आज शनिवार आहे, सोमवारी रजा टाकून दवाखान्यात न्यायचा विचार आहे. तोवर काय करू? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलंय, भुऱ्या माझ्या गादीवर झोपला तर चालेल का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी वाचलं आणि लगेच एवढंच कळवलं होतं की सोमवारची वाट बघू नका, आज संध्याकाळीच न्या. तुम्ही नेलंत, आणि रात्री उशिरा कळवलंतही: वजन भरलं दोन किलो, शीच्या तपासणीत अंकुशकृमी (हूकवर्म, आतड्यातले जंत) निघाले, पार्व्हो ह्या जीवघेण्या विषाणूची चाचणी निगेटिव्ह आली, पाठीच्या कातडीखाली सलाईन दिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, उद्या पुन्हा बोलावलंय. वाचून जिवात जीव आला. आता सविस्तर लिहिते. भुऱ्याला पुढचे आठ-दहा दिवस जपायचंय, आणि पाऊस सुरू झाला की ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमध्ये असा एखादा भुऱ्या कुणाच्या तरी घरी येतो.

सोमवार का नको, ते आधी सांगते. जुलाब म्हटलं की आपण सगळे शीकडे बघतो. रंग कसा, वास कसा, किती वेळा झाली. ते बघायचंच, पण पिल्लू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. भुऱ्याचं वजन दोन किलो. त्याच्या अंगातून 100 मिली पाणी कमी झालं की वजनाच्या 5 टक्के गेलं. 200 मिली, म्हणजे पाण्याचा एक पेला, कमी झालं की 10 टक्के गेलं, आणि तिथे डोळे खोल जातात, पाय गार पडतात, नाडी वेगानं पण क्षीण चालते. त्याच्या पुढे फार थोडी वाट उरते. मोठ्या लॅब्राडॉरला एका दिवसाच्या जुलाबानं जे होत नाही, ते एवढ्याशा पिल्लाला एका रात्रीत होतं. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ म्हणजे दोन रात्री. त्यात उलटी सुरू झाली की बाहेर जाणारं पाणी वाढतं आणि आत जायचा रस्ताही बंद होतो. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती त्या एका उलटीची.

म्हणून बघायचं ते हिरड्यांकडे. ओठ हलकेच वर करा. हिरडी गुलाबी आणि बोट लावल्यावर ओलसर, बुळबुळीत लागली तर ठीक. बोटाला चिकटली, कोरडी लागली, तर पाणी कमी झालंय. बोटानं दाबून सोडलं की पांढरा डाग पडतो, तो दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. आपल्या गावठी पिल्लांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, त्यात काही कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. तो फिकट, पांढुरका दिसला तर रक्त कमी आहे, आणि भुऱ्याच्या बाबतीत हे रोज बघायचंच, कारण अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्तच पितात. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सोडायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते. ती झटकन खाली बसली तर बरं. पण लहान पिल्लांमध्ये एकट्या चिमटीवर विसंबू नका, हिरडीवर जास्त भरवसा ठेवा. आणि लघवी. आठ-दहा तास लघवीच नाही, तर घड्याळ बघत बसू नका, निघा.

आता पाणी कसं पाजायचं. दुकानातून ओआरएसची साधी पुडी आणा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असं छापलेली. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं नकोत, त्यातली साखर जुलाब वाढवते. ‘शुगर फ्री’ लिहिलेलं तर काहीच नको. त्यात झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो आणि तो कुत्र्यांना विषासारखा बाधतो. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच अख्खी पुडी घाला. तुमच्याकडे टँकरचं पाणी येत असेल तर उकळायचा कंटाळा अजिबात करू नका. थोडीशीच लागेल म्हणून अर्धी पुडी अंदाजानं पेलाभर पाण्यात कालवली की ते खारट होतं आणि उलट आतड्यातच पाणी खेचतं. कालवलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्यायचं. पुडी स्वस्त आहे, दुसरी फोडा.

ह्या पुडीवर माझा फार जीव आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. भारत सरकारनं त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. त्यामागची युक्ती अशी की साखर आणि सोडियम आतड्याच्या अस्तरातून जोडीनं आत जातात आणि जाताना पाण्याला सोबत घेऊन जातात. आतडं आजारी असतानाही हे दार बरंचसं उघडं राहतं. माणसाच्या बाळाच्या आतड्यात जे घडतं तेच पिल्लाच्याही.

पण वाटी भरून पुढे ठेवू नका. तहानलेलं पिल्लू घटाघटा पितं आणि तितकंच उलटून टाकतं. एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, दर दहा-पंधरा मिनिटांनी. तासाभरात 20 ते 30 मिली पोटात जातं. दोन तास उलटी झाली नाही तर दोन चमचे करा. मग थोडं साधं पाणीही द्या. स्वतः चाटत असेल तर उत्तम. चाटत नसेल तर सुई काढलेली सिरिंज गालाच्या बाजूनं, दातांच्या फटीत लावून थेंब-थेंब सोडा आणि त्याला गिळायला वेळ द्या. मान वर करून घशात ओतू नका. बाळाला बोंडल्यानं पाजताना आजीबाई जपायच्या तसंच. पाणी श्वासनलिकेत गेलं तर जुलाबाच्या जोडीला न्यूमोनिया होतो. चव आवडत नसेल तर चिकन उकडलेलं पाणी थोडं मिसळा, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. उलटी झाली तर अर्धा तास थांबा आणि अर्ध्या चमच्यापासून पुन्हा सुरू करा. तरीही उलटी झाली तर घरचं पाजणं तिथे संपलं, दवाखान्यात सलाईन लागणार. उलट्या करणाऱ्या, मान टाकलेल्या पिल्लाला तोंडानं काही देऊ नये.

पाणी आत राहायला लागलं की खाणं. काकूंना सांगा की उपास मोठ्या कुत्र्याला सोसतो, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. काही तास पोट रिकामं राहिलं, त्यात जुलाब, की रक्तातली साखर उतरते. पिल्लू लटपटतं, थरथरतं, कधी झटका येतो. असं दिसलं तर मधाचं किंवा साखरेच्या घट्ट पाण्याचं बोट हिरडीवर चोळा, उबदार गुंडाळा आणि थेट दवाखान्यात न्या.

द्यायचं काय? गुरगुट्या भात, बोटानं चिरडला जाईल इतका मऊ, आणि हाडं-कातडी काढून उकडलेलं चिकन हातानं तंतू-तंतू करून. दोन वाटे भात, एक वाटा चिकन. एका वेळी दोन-तीन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. घरात मांसाहार चालत नसेल तर चिकनऐवजी मऊ कुस्करलेलं ताजं पनीर थोडं. उकडलेला लाल भोपळा चमचाभर चालतो. तीन-चार दिवसांनी शी बांधली गेली की पिल्लांसाठीचं तयार खाणं आधी पाव भाग, मग अर्धं, असं करत आठवडाभरात पूर्ण त्यावर आणा. भात-चिकन हा आजारपणापुरता पथ्याचा आहार आहे, हाडं धरायच्या वयात तेवढ्यावर भागत नाही.

दूध आणि बिस्किटं मात्र आजपासून बंद. तुम्ही प्रेमानंच दिलंत, सगळेच देतात. गायी-म्हशीच्या दुधात लॅक्टोज नावाची साखर कुत्रीच्या दुधापेक्षा बरीच जास्त असते. ती पिल्लाला पचत नाही, आतड्यात तशीच राहते आणि पाणी ओढून घेते. ह्या वयाच्या, आईचं अंगावरचं सुटलेल्या पिल्लाला दुधाची गरजही नसते. आधीच जंत, त्यावर नवी जागा, त्यावर पिशवीचं दूध. भुऱ्याचं पोट ह्या तिन्हींनी मिळून बिघडलं असं मला वाटतं.

सासूबाईंचं जायफळ. त्यांना माझा नमस्कार सांगा. बाळगुटीत जायफळ, मुरडशेंग, सुंठ उगाळून ह्या बायकांनी मुलं वाढवली आणि कुठल्या मुळीचे किती वळसे द्यायचे ह्याचं त्यांचं ज्ञान बारीक होतं. पण ते माणसाच्या बाळासाठी. जायफळातलं मिरिस्टिसिन कुत्र्यांना बाधतं. जास्त गेलं तर छाती धडधडते, भ्रमिष्टासारखं होतं, झटके येऊ शकतात. दोन किलोच्या जिवात ‘जास्त’ किती, ह्याचा अंदाज घ्यायला जाऊ नये. त्यांच्या हाताला जमेल असं काम आहेच. गुरगुट्या भात त्यांच्याइतका चांगला कुणाला करता येणार?

गोळीबद्दल मी कडक बोलणार आहे. जुलाब थांबवायची माणसांची गोळी पिल्लाला देऊ नका, अर्धी नाही, पावही नाही. ती आतड्याची हालचाल थांबवते आणि जंतू, विष, जंत सगळं आतच कोंडून ठेवते. काही कुत्र्यांमध्ये ती मेंदूपर्यंत पोचून गुंगी आणते. तापासाठी घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणं त्याहून वाईट. मागच्या वेळच्या कुत्र्याचं उरलेलं अँटिबायोटिकसुद्धा नको.

अंघोळ थांबवा. पावसाळी हवेत भिजलेलं आजारी पिल्लू अंगातली ऊब राखू शकत नाही आणि गार पडलेलं आतडं अन्न पचवत नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मागची बाजू पुसा, कोरडी करा, लाल झाली असेल तर खोबरेल तेलाचा हात फिरवा. खोक्यात जुनी चादर, आणि बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे उकडलं तर तो बाजूला सरकेल.

आता पार्व्हो. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून हा विषय सोडून देत नाही, कारण एखादी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि आजार उघड व्हायला साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगाला माहीत झाला. तो आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या भराभर वाढणाऱ्या पेशी गाठतो. म्हणजे आतड्याची भिंत ढासळते आणि त्याच वेळी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. आधी पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, मग उलट्या, मग रक्ताळलेली, सहन न होणाऱ्या वासाची शी. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं जातात. वेळेत सलाईन, उलटीचं औषध, ऊब आणि थोडं-थोडं खाणं मिळालं तर बहुतेक वाचतात. दोहोंमध्ये फरक पडतो तो बरेचदा एका रात्रीचा. मी शिकत होते तेव्हा आमच्या कोपरीच्या चाळीतलं पिल्लू असंच आजारी पडलं. सकाळी नेऊ म्हणून आम्ही रात्रभर त्याला वाटीनं दूध पाजत बसलो. सकाळ त्यानं बघितली नाही. मी आजही कुणालाही ‘उद्या आणा’ म्हणत नाही.

म्हणून पुढच्या दिवसांत रक्त दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली, दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, हाक मारल्यावर शेपूट हलेनाशी झाली, गुदद्वारातलं तापमान 103 अंश फॅरेनहाइटच्या वर किंवा 99 च्या खाली गेलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पिल्लाचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 असतं, आपल्या हाताला ते गरमच लागतं, म्हणून थर्मामीटर हवा. घोडबंदर रोड पावसात कसा तुंबतो हे मी तुम्हाला सांगायला नको. रात्री उघडे असणारे जवळचे दोन दवाखाने आजच शोधून, फोन करून, नंबर फ्रिजवर लावून ठेवा. अनेकांच्या मनात परळचं बैलघोडा हॉस्पिटल असतं. बाई साकरबाईंच्या नावाच्या ह्या रुग्णालयानं एकोणिसाव्या शतकापासून मुंबईची जनावरं सांभाळली आहेत, पण कासारवडवलीहून परळ लांब आहे, गळून गेलेल्या पिल्लाला आधी जवळ सलाईन लागू दे.

फरशी फिनेलनं पुसत असाल तर थांबवा. पार्व्होवर फिनेलचा उपयोग नाही आणि पिल्लू पाय चाटतं तेव्हा ते त्याच्या पोटात जातं. आधी शी टिपून काढा, साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून दहा मिनिटं राहू द्या, नंतर साध्या पाण्यानं पुसा. भुऱ्या तेव्हा दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

जंतांचं औषध एकदा देऊन काम होत नाही. पिल्लाला जंत आईच्या पोटात असतानाच आणि दुधातून मिळतात, त्यात तुमची काही चूक नाही. साधारणपणे दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांचा होईपर्यंत, मग दर महिन्याला सहा महिन्यांपर्यंत, दर वेळी वजन करून. लस आजारपणात टोचत नाहीत. शी बांधली गेली, वजन वाढायला लागलं की पपी डीपी (डिस्टेंपर आणि पार्व्होची लस) किंवा अनेक आजारांवरची सेव्हन इन वन, डॉक्टर ठरवतील ती. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, शेवटचा सोळा आठवड्यांच्या आसपास. बारा आठवड्यांनंतर रेबीज. उंदरांच्या मुतानं पसरणारा लेप्टो आपल्याकडे पावसाळ्यात असतोच, त्याचा समावेश आहे का ते विचारा. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत सोसायटीच्या बागेत, पार्किंगच्या डबक्यात पाय ठेवायचा नाही. दवाखान्यातही मांडीवर किंवा टोपलीत, जमिनीवर नाही.

एक वही करा. किसननगरहून एक शाळकरी मुलगा आजारी पिल्लू घेऊन माझ्याकडे आला होता. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं वेळ घालून लिहिलं होतं: शी, शू, उलटी, किती चमचे पाणी, हिरडी कशी. मोठ्या माणसांनी ‘सकाळपासून बरं नाही’ एवढंच सांगितलं असतं. त्या दोन पानांवरून मला पहाटे चारपासून लघवी बंद आहे हे कळलं आणि पुढचं सगळं भराभर झालं. पिल्लू वाचलं. तसंच भुऱ्याला पुन्हा नेताना रोजचं वजन, वही आणि छोट्या झाकणाच्या डबीत ताजी शी न्या.

राहिला तुमच्या लेकीचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात आवडला. तिला सांगा, गादीवर आत्ता नाही. भुऱ्याच्या पोटातले जंत माणसांनाही होऊ शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. म्हणून त्याची शी लगेच उचलायची आणि त्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, जेवणाआधी तर नक्कीच. जंताचे डोस होऊन शीची तपासणी स्वच्छ आली की आम्ही डॉक्टर आणि तिची आई मिळून पुन्हा विचार करू. तोवर त्याचं खोकं तिच्या गादीशेजारी ठेवा, म्हणजे रात्री जाग आली की तो तिला दिसेल. आणि वही तिच्याकडेच द्या. पहिली नोंद आज रात्री झोपायच्या आधी, हिरडीच्या रंगाची.